हमिंगच्या खालचा आवाज

आटगावात कुंडलिकला अजून साउंडवालाच म्हणतात, त्याचे कर्णे भंगारात जाऊन वीस वर्षं झाली तरी. आता तो पडवीत बसून काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बांधतो. हौस म्हणा, खोड म्हणा. पण गेली तीन वर्षं त्याचं घोडं एकाच जागी अडलं होतं, ती म्हणजे हीटरचा रेग्युलेटर.

व्हॉल्व्हच्या पोटात हीटरची तार असते. ती तापली तरच व्हॉल्व्ह बोलतो. तिला लाइनचा एसी करंट दिला की स्पीकरमधून घुंऽऽ अशी हमिंग येते. डीसी करून, व्होल्ट नेमका धरून दिला तर सगळं शांत. पण गावात पंप सुरू झाले की लाइन दोनशे व्होल्टच्या खाली बसते, आणि साध्या रेग्युलेटरला स्वतःलाच दोन-अडीच व्होल्ट खायला लागतात. मग हीटरला काय उरणार, कप्पाळ? म्हणून कुंडलिकला अर्ध्या व्होल्टात भागवणारा रेग्युलेटर बनवायचा होता.

"बाबा, सहा व्होल्टची बॅटरी लावा ना," त्याची मुलगी मनाली म्हणायची. "दहा मिनटांचा काम."

"बॅटरी उतरत जाते. मला पक्का व्होल्ट पायजे."

बहाणा होता तो. म्हातारा घाबरत होता.

चाळीस वर्षांपूर्वी धसईला जयंतीचा गायनाचा कार्यक्रम होता. गाणारा त्याचा धाकटा भाऊ धर्मा, साउंड कुंडलिकचा. तेव्हा दोन पायांची पिन असायची, अर्थिंग कुणाला ठाऊक? हमिंग आली की पिन उपसून उलटी लावायची, ज्या बाजूने आवाज कमी ती बाजू खरी, अशी साउंडवाल्यांची रीत. कुंडलिकने तेच केलं. पण कधी कधी त्या बाजूने लाइनचा करंट थेट माईकच्या पत्र्यात उतरतो. धूळ बसावी म्हणून मैदानात पाणी मारलेलं होतं, धर्मा अनवाणी उभा होता. तिसऱ्या गाण्याला त्याने माईक घट्ट धरला, तो सुटलाच नाही.

"मला त्यानं सांगितलाच नाय," कुंडलिक सगळ्यांना म्हणाला. "माईक झणझणतो म्हनला असता तर मी मेन नसता का बंद केला?" सांगता सांगता त्याला स्वतःलाही ते पटलं.

पण कार्यक्रम टेप केलेली स्पूल उरली होती. ती वाजायची फक्त त्याच्या हातच्या व्हॉल्व्ह मशीनवर. दुसरं गाणं संपल्यावर धर्मा माईकपासून तोंड फिरवून काहीतरी बोलतो, आणि ते मशीनच्या हमिंगमध्ये बुडून जातं. जेवताना, चालताना कुंडलिकच्या कानात ती हमिंग चालूच असे, आणि तिच्या खाली कुणीतरी बोलत असे.

मग धर्माच्या बायकोचा, हौसाचा, धसईहून निरोप आला: मरायच्या आधी एकदा त्याचा आवाज ऐकवा. आता बहाणा चालणार नव्हता. तीन वर्षं अडलेला रेग्युलेटर आठ दिवसांत झाला.

रविवारी दुपारी हौसा एसट्या बदलत आली. पंप चालू होते, लाइन एकशेनव्वदवर, पण हीटरचा काटा सहा पॉइंट तीन व्होल्टवरून हलला नाही. कारागिराने खूश व्हावं असं काम होतं. कुंडलिकने स्पूल चढवली.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. हौसा पदराने डोळे पुसत होती. मग त्या शांततेत धर्मा स्वच्छ बोलला, "दादा, माईक झणझणतो रे. बघ ना."

लगेच दुसरा आवाज, तरुण, वैतागलेला: "गा रे तू. काय नाय होत. पिन फिरवली तर परत हमिंग येल."

तो आवाज कुंडलिकचा होता. त्याने हात टाकून स्पूल थांबवली.

हौसाचे कान अधू झालेले. "मधी काय बोलला वो, भावजी? माना नाय समजला."

पाणी मागितलं म्हणून सांगता आलं असतं. मनाली दारात उभी होती. ती काहीच बोलली नसती.  मग कुंडलिकने हौसाच्या कानाशी वाकून दोघांचं बोलणं सांगितलं, धर्माचं आणि आपलं, जसंच्या तसं.

हौसाने त्या थांबलेल्या स्पूलवर हात ठेवला.

"चाळीस वर्सा मी त्यालाच बोल लावतंय, भावजी," ती म्हणाली. "त्याच्या फोटोला हार घालताना पन. तोंड नव्हता का रे तुला, म्हनतंय, दादाला एक शबुद सांगाया."