बाबांच्या खुर्चीतली गाठ

रस्त्यात पडलेलं झाड दिसलं की माझी आत्या थांबते. लग्नाला निघालेली असली तरी वाकून बुंध्यावरून हात फिरवणार आणि कुणाला तरी टेम्पो आणायला पिटाळणार. ती फर्निचर बनवते. घरभर मोडक्या चौकटी, जुन्या होडीच्या फळ्या, वादळात पडलेल्या फांद्या. पाहुण्यांनी बसायचं कुठे, हे विचारायची कुणाची टाप नाही.

लाकूड कसं वाढलंय ते ती आधी महिनोन् महिने बघते. मध्ये गाठ आली तर गाठ राहते, बेत बदलतो. यात ती कुणाचं ऐकत नाही.

बाबांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून त्यांना खुर्चीतून एकट्याने उठता येईना. दर वेळी आईला हाक मारायची त्यांना लाज वाटे. पुढेपुढे उठावं लागू नये म्हणून ते पाणीही पिईनात. आम्ही धास्तावलो. आत्याने मात्र त्यांच्यासमोर ठाण मांडलं आणि नुसतं बघत राहिली. उठताना आपल्या दादाचा डावा हात कुठे जातो, काय शोधतो? बहीण आहेस की पोलीस, असं बाबा वैतागून म्हणालेसुद्धा.

मग तुतीच्या वाकड्या फांद्यांची खुर्ची आली. खुर्चीचा डावा हात चांगला पुढे आलेला, टोकाला बटाट्याएवढी गाठ होती. होती, कारण भावाच्या तळव्याला टोचेल म्हणून आत्याने जन्मात पहिल्यांदा गाठ तासून गुळगुळीत केली होती. बाबांनी जोर लावला, हात सटकला आणि ते धपकन मागे बसले.

"घेऊन जा ही," ते म्हणाले.

"मायेच्या भरात माती केली मी," आत्या म्हणाली आणि खुर्ची उचलून चालती झाली.

त्याच झाडाची तशीच गाठ असलेली दुसरी फांदी शिल्लक होती, ती तिने हाताच्या जागी बसवली. आता फक्त साल काढली, गाठ होती तशी ठेवली. खुर्ची पुन्हा आमच्याकडे आली, बाबा कुरकुरत बसले आणि आम्ही मुद्दाम दुसरीकडे बघत गप्पा मारत राहिलो.

बराच वेळ हाक आली नाही म्हणून आई स्वयंपाकघरातून घाबरून धावत आली. बाबा खिडकीशी उभे होते. आत्याचे डोळे भरून आले होते, पण बघत होती ती त्या गाठीकडेच.

"दादा, पुन्हा एकदा बस ना," ती म्हणाली. "कुठे धरलंस ते बघायचं राहिलं."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "उभा राहू दे मला."