जिनिंगच्या वळणावर

मी सायकल शिकलो ती चोविसाव्या वर्षी, मास्तरकी लागल्यावर. शाळेचं खेडं मलकापूरपासून चार मैलांवर आणि तिकडे जाणारी एसटी शाळा सुटायच्या वेळेला. मोठ्या भावजींनी त्यांची सायकल दिली. दोन महिन्यांत माझं पडणं थांबलं. वळण आलं की मात्र अजून दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरायचो.

अशात शहरातल्या व्यायामशाळेनं सायकल शर्यत ठेवली आणि आमच्या हेडमास्तरांनी मला न विचारता नाव देऊन टाकलं. "आपल्या शायेचं कोनीतरी पाह्यजे ना!" एवढंच म्हणाले.

स्टेशनापासून कापूसबाजार, तिथून जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, वळसा घालून परत स्टेशन. अशा सहा फेऱ्या. रविवारी सकाळी आम्ही चौदा जण उभे राहिलो. पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून मी तो घोट्याशी सुतळीनं बांधला होता. शेजारी एक पोस्टमन होता, पस्तिशीचा, रोज पंधरा-वीस मैल टपाल वाटणारा. तोच जिंकणार असं सगळे म्हणत होते.

"मास्तर, माह्या मांगंच राहा. हवा कमी लागते," तो म्हणाला.

खरंच, त्याच्या पाठीआड पायडल हलकं लागलं. पण ते सुख एकाच फेरीचं. दुसऱ्या फेरीत मी मागे पडलो, तिसरीत एकटाच उरलो. चौथ्या फेरीत जिनिंगच्या वळणावर मागून आरोळी आली, "बाजूले व्हा!" पुढचे लोक एक फेरी जास्त मारून मला गाठत होते. मी गडबडलो. डावीकडे सरायचं, तर उजवीकडे गेलो. मागे धाडकन आवाज झाला.

वळून पाहिलं तर पोस्टमन धुळीत आडवा. बाकीचे त्याला चुकवून निघून गेले.

मी सायकल तिथंच टाकून धावलो. त्याचे डोळे मिटलेले, कोपरातून रक्त. या माणसाचं पोट पायांवर चालतं आणि मी ते पायच मोडले, एवढंच मनात आलं. मी त्याचा खांदा हलवला.

त्यानं एक डोळा उघडला. "गेले का सारे?"

"गेले."

"मंग आता घाई काऊन?" असं म्हणत तो उठून बसला.

"माझी चूक झाली. मी उलटा वळलो."

"तुमची नाही हो. चेन उतरली माही."

तो माझी समजूत घालतोय असंच मला वाटलं. पण कापसाची गाडी घेऊन थांबलेला गाडीवान वरून म्हणाला, "मास्तर लांब होते. चेन पह्यलेच उतरली, म्या पाह्यलं."

मी तिथंच, धुळीत, पोस्टमनच्या शेजारी बसलो आणि मला हसू आवरेना. तोही हसू लागला.

त्यानं चेन चढवली, कोपराला रुमाल गुंडाळला. "चाला, पुरी करू," म्हणाला. ही धरून त्याच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या, माझ्या तीन. त्याच्या संपल्यावरही तो माझ्याबरोबर आला. वळणं आली तशी गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं.

घरी बायकोनं विचारलं, "कितवा नंबर आला?"

"चौदावा."

"कितीतून?"

"चौदातून."

"मंग हसून काऊन राह्यले?"

"पोस्टमनले काई झालं नाही," मी म्हणालो.

"कोनता पोस्टमन?" तिनं विचारलं, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन सगळं सांगायला ओट्यावर टेकलो.