औषध नसलेल्या गोळ्यांचा डबा

दुसऱ्याच्या गोळ्यांच्या बाबतीत माझी बहीण डेल्फिना भयंकर कडक. म्हातारी माणसं त्यांच्या घरी जाऊन सांभाळायची, हा तिचा धंदा. टेक्ससच्या या खालच्या टोकाला घरटी एक तरी बाई हेच काम करते, पण फिनासारखं करणारी दुसरी सापडणार नाही. सात वारांचे सात कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा असतो ना, तसा प्रत्येक म्हाताऱ्याचा एक. रविवारी चष्मा लावून ती ते भरायला बसली की तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. फिदेन्सिओ नावाच्या एका म्हाताऱ्यानं, मानानं आम्ही त्याला डॉन फिदेन्सिओ म्हणतो, एकदा गुडघे दुखतात म्हणून शेजारणीची गोळी मागून घेतली. तर माझ्यादेखत फिनानं त्याला विचारलं, "डॉक्टरला न विचारता तोंडात टाकायला तुम्ही काय कचऱ्याची बादली आहात?" बिचारा पुढे खोकल्याची वडीसुद्धा तिला दाखवून चघळायचा.

घरी आम्ही तिघी. आई, फिना आणि मी, अंपारो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच आहे, आणि तिला खुर्चीत बसवायचं म्हणजे दोघी लागतात. एकीनं पाठीमागून काखेत हात घालायचे, दुसरीनं पाय धरायचे. सकाळी कामावर जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. आमची स्वतःची वयं आता पलंग धरायला आली आहेत, पण ते बोलायला तरी वेळ कुठे आहे! माझी रोजची भीती एकच होती. फिना पडली तर आईला उचलणार कोण?

म्हणून फिनाच्या पोटाचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी लिव्हरवर चरबी साठली आहे असं सांगितलं, तेव्हा मला आधी आईचा पलंगच आठवला. डॉक्टर विल्यारेआल ही इथलीच पोरगी, कांद्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांची. तिनं नीट समजावलं. वजन थोडं उतरवा, रोज चाला, थंड पेयांच्या बाटल्या बंद करा, टॉर्टिया, म्हणजे आमच्या पोळ्या, कमी खा. घाबरण्यासारखं अजून काही नाही. आणि गोळी? गोळी काही नाही, म्हणाली.

फिनाला हे पटेना. इतक्या लांब जायचं, दंडातून रक्त काढून घ्यायचं आणि हात हलवत परत यायचं? आमच्याकडे रिकाम्या हातानं परत पाठवणाऱ्या डॉक्टरला कुणी डॉक्टर म्हणत नाही. दिवसभर म्हाताऱ्यांना अंघोळी घालून आलेल्या बाईला वर आणखी चालायला सांगायचं, हे तर मलाही जिवावर आलं. गोळी कशी, गिळली की झालं.

ते रिकामे हात भरले नेल्दानं.

नेल्दा म्हणजे फिनाची कोमाद्रे. फिनाच्या मुलीला, येसेनियाला, चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी तिनं हातावर धरलं, तेव्हापासून हे नातं. दोघी शाळेत एका बाकावर बसून एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या, पण बाप्तिस्म्याच्या दिवसापासून एकमेकींना 'तुम्ही' म्हणायला लागल्या, कारण कोमाद्रेला तसंच म्हणतात. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी नाही. तिनं पुढे केलेलं ताट परत सारायचं नसतं. फिनाचा नवरा रायमुंदो दारूपायी लिव्हर सडून गेला, तेव्हा त्याच्या उशाशी आळीपाळीनं बसली ती नेल्दाच. मी तेव्हा ह्यूस्टनला होते.

तर या नेल्दानं आपल्या पुढच्या खोलीत क्लब काढला होता. असे क्लब इथे गल्लोगल्ली आहेत. सकाळी बायका येतात, हिरवा नाहीतर गुलाबी चहा पितात, वर पावडरीचं दूध पितात, वजन करतात आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. शिवाय बाटल्या असतातच. लिव्हर हा शब्द ऐकताच नेल्दानं फळीवरून बाटल्या उतरवल्या. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल, कसल्याशा काटेरी झाडाच्या बियांच्या, बोटाएवढ्या जाड व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि लिव्हर धुऊन काढणारा म्हणे एक काळपट चहा. दर शुक्रवारी ती स्वतः गाडी घेऊन यायची. "सगळं झाडपाल्याचं आहे, कोमाद्रे," म्हणायची, "त्रास कशाचा होणार?" ती लबाड नव्हती, हे सांगितलं पाहिजे. त्याच गोळ्या ती स्वतःही घ्यायची.

पुढच्या वेळी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठली औषधं घेता? फिना म्हणाली, एकही नाही. दारू? नाही. त्याच्या पुढच्या वेळी आकडे आणखी वर. पुन्हा तेच प्रश्न, आणि दारूचा प्रश्न दोन वेगवेगळ्या तऱ्हेनं. अधूनमधून बिअर? रात्री झोप येत नाही म्हणून एखादा घोट? त्या दिवशी फिना घरी आली ती पर्स मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. ज्या बाईनं नवऱ्याच्या ओकाऱ्या काढल्या, जी लग्नकार्यात ग्लासला हात लावत नाही, तिला हे विचारायचं!

"मला दारुडी समजते ती," फिना म्हणाली. "रायमुंदोची बायको ना मी."

मला असा संताप आला की पुढच्या खेपेला मी शाळेत रजा टाकून बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंना चार शब्द सुनवायचे असं मनाशी घोकूनच निघाले होते. पण खरं सांगायचं तर तोपर्यंत मला फिनाचीच जास्त भीती वाटायला लागली होती. तिची अन्नावरची वासना उडाली होती. अंगाला खाज सुटायची, दंड ओरबाडून लाल झाले होते. आईला उचलताना मध्येच थांबून ती भिंतीला टेकायची, आणि आई आम्हा दोघींच्या हातात लोंबकळत गप्प राहायची. ते गप्प राहणं मला बघवायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी फिनाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, पोट दाबून बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "डेल्फिनाबाई, आज मी काही विचारत नाही. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते तुम्हीच सांगा. तुमच्या एखाद्या म्हाताऱ्याचं सांगता ना, तसं."

हे मात्र फिनाला जमतं. ती ताठ बसली आणि सांगायला लागली. उठल्यावर काळा चहा, नेल्दाचा. मग कॅप्सूल. मग अर्धी टॉर्टिया आणि बीन्स. मग पुन्हा कॅप्सूल. आणि गेले काही दिवस सगळं दुप्पट.

"दुप्पट का?"

"तुमची तपासणी होती ना," फिना म्हणाली. "पाहुणे यायचे असले की आपण घर जरा जास्त झाडतो, तसं. दर वेळी तपासणी जवळ आली की दुप्पट घेते."

डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं. दर वेळी आकडे का चढत होते, ते मला तिथे त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. त्यांनी विचारलं, त्या कॅप्सूल आहेत का जवळ? फिनानं पर्समधून डबा काढला. सात वारांचे सात कप्पे, म्हाताऱ्यांचा असतो तसलाच, काठोकाठ भरलेला.

"मी औषधांचं विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"ही औषधं नाहीत, डॉक्टर. झाडपाला आहे. व्हिटॅमिन."

"मग औषधांच्या डब्यात का ठेवलीत?"

फिना डब्याकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर उगीचच डॉन फिदेन्सिओ आणि त्याची खोकल्याची वडी आली.

मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. तोंडात टाकलेलं सगळं शेवटी लिव्हरलाच निस्तरावं लागतं, म्हणाल्या, आणि तुमचं आधीच दमलेलं आहे. कपभर हिरवा चहा वेगळा आणि त्याचा अर्क काढून ठासलेली कॅप्सूल वेगळी. भाजीतली हळद वेगळी, रोजची मूठभर वेगळी. या अर्कांनी चांगली लिव्हरसुद्धा सुजलेली त्यांनी पाहिली होती. व्हिटॅमिन एसारखी काही व्हिटॅमिनं जास्त झाली तर लिव्हरमध्येच साठून राहतात. लोह कमी नसताना घेऊ नये. लिव्हर धुणारा चहा असं काही नसतंच, ते स्वतःला स्वतः धुतं, आपण फक्त चिखल टाकणं थांबवायचं. आजपासून हे सगळं बंद, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर माझी वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं. तुम्हाला व्हिटॅमिन डी तेवढं कमी आहे, ते मी लिहून देते, तेवढंच घ्या. बाकी बाटली कुठलीही असो, आधी मला दाखवा. बिनसाखरेची कॉफी हवी तर प्या.

"म्हणजे मी बरी व्हायला जे केलं..." फिना म्हणाली आणि थांबली.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि दारूचं मी सारखं विचारलं, त्याबद्दल माफ करा."

गाडीत बसल्यावर मला वाटलं, सुटलो. फिना म्हणाली, "आता कोमाद्रेला कोण सांगणार?"

मी म्हटलं, कशाला सांगायचं, शुक्रवारी बाटल्या घे आणि संडासात ओत. फिनानं माझ्याकडे असं बघितलं की मी गाडी सुरू केली. ती म्हणाली, क्लबमध्ये रोज इतक्या बायका येतात. त्यातल्या कितीजणींच्या लिव्हरवर चरबी आहे, कुणाला ठाऊक?

नेल्दाच्या घरी आम्ही दुपारी गेलो, क्लब रिकामा असताना. फिनानं डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. नेल्दा ग्लास धूत होती, तशीच धूत राहिली.

"म्हणजे मी विष घातलं तुम्हाला," ती म्हणाली.

"तसं नाही म्हटलं, कोमाद्रे."

"मीही तेच घेते. मेले का मी? कालची पोरगी ती, आणि मी तुमच्या नवऱ्याची गादी बदललेली बाई. कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा."

फिनाचे डोळे भरले. आता ही कच खाणार आणि बाटल्या घेऊन घरी येणार, असं मला वाटलं. पण ती नेल्दाच्या हातांकडे बघत होती. नेल्दा ओल्या हातांनीच दंड खाजवत होती, आधी डावा, मग उजवा, आणि तिचं तिला कळतही नव्हतं.

"नेल्दा," फिना म्हणाली. कोमाद्रे नाही, तुम्ही नाही. "तुला ही खाज कधीपासून आहे?"

नेल्दानं हात नळाखाली धरले. "घरी जा," ती म्हणाली.

शुक्रवारी नेल्दा आली नाही. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी नाही. फिनाचे आकडे उतरायला लागले, आधी थोडे, मग झरझर. खाज गेली, बीन्स पुन्हा गोड लागायला लागले. माझ्या जिवावर यायचं तरी संध्याकाळी आम्ही कालव्याच्या काठानं चालून यायचो, आणि दोघी मिळून आईला उचलताना फिना आता भिंतीला टेकत नव्हती. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. फिना मात्र शुक्रवारी खिडकीपाशीच घुटमळायची. बरी झालीस तरी रडकं तोंड का, असं मी एकदा चिडून विचारलं. "तिचे डोळे बघायचे राहिले," एवढंच ती म्हणाली.

मग एका सकाळी बाहेर हॉर्न वाजला. आईला उचलायची वेळ झाली होती, माझे हात तिच्या काखेत होते. फिनानं पडदा सारला. अगदी खिडकीला लागून नेल्दाची गाडी होती. ती उतरली नाही, नुसती काच खाली केली. मांडीवर पिशवी, आत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. सकाळच्या उन्हात तिचे डोळे मला इथून, पलंगापासूनसुद्धा पिवळे दिसले.

"तुझ्या त्या डॉक्टर पोरीकडे आधी नंबर लावावा लागतो का?" नेल्दानं विचारलं.

"नाही," फिना म्हणाली, "आपण थेट हॉस्पिटलला जातोय. सरक तिकडे, गाडी मी चालवते." आणि पर्स घेऊन ती गेलीसुद्धा.

आई माझ्याकडे बघत होती. मी पलंगावर गुडघा टेकवला, तिचे हात माझ्या गळ्यात घातले, आणि त्या सकाळी आईला एकटीनं उचललं.