वन्सं आणि तक्रारींची वही

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या टापूत माझ्या थोरल्या नणंदबाईंशी ज्याचं एकदाही भांडण झालेलं नाही, असा माणूस एकतर मुका असेल, नाहीतर परवाच इथं राहायला आलेला असेल. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांच्याशी भांडते आहे आणि आज लिहायला बसले तीही रागातच, हे आधीच सांगून ठेवते. वन्सं नायगावकडच्या एका शाळेत मास्तरीण होत्या. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, गुडघ्यांना तेल चोळतात. यांनी विष्णुपुरीला दोन खोल्या घेतल्या आणि शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या पोरांसाठी वाचनाच्या वह्या बांधायचा उद्योग काढला. अशी घरं आपल्याकडं फार नाहीत, पण जी आहेत ती सगळी वन्संना सापडलेली आहेत. पिशवीत दाभण, दोरा, पुठ्ठे घालायचे आणि एसटीत बसून निघायचं, वाटेत कंडक्टरशी भांडायचं. एकदा लातूरच्या स्टँडसमोर भेळवाल्यानं गोष्टीच्या पुस्तकाचं पान फाडून पुडा केला, तर या बाईनं भेळ माझ्या रुमालात ओतली, पान झटकून उभ्यानंच वाचलं आणि ‘ह्याच्या पुढचं पान कुणाला दिलंस?’ म्हणून त्याला धारेवर धरलं. तो बिचारा गिऱ्हाईक सोडून रद्दी उपसायला लागला. माझा रुमाल चिंचेच्या पाण्यानं गेला तो गेलाच.

यांची एक वही दुसरीसारखी नसते. पोराच्या घरी गेल्या की पहिला दिवस त्याच्याशी बोलायचंच नाही, नुसतं मागंमागं हिंडायचं. ते काय खातं, कुणाला छळतं, कशाला घाबरतं, ते बघायचं. गॅरेजात पडून असणाऱ्या एका पोराची वही त्यांनी रिक्षाच्या सीटच्या रेक्झिनमध्ये बांधली आणि आत प्रत्येक पानावर एकच सवाल टाकला, या गोष्टीतलं काय दुरुस्त करता येईल? देगलूरकडच्या एका पोरीची आजी तेलुगू बोलायची, म्हणून त्या वहीत अर्धं पान आजीचं. पोरीनं गोष्ट वाचून आजीला सांगायची आणि आजी काय म्हणाली ते लिहायचं. आजी बहुतेक वेळा ‘सगळं खोटंय’ एवढंच म्हणायची, तेही लिहायचं. तारीख नाही, मार्क नाहीत, आईबापाची सही नाही. आणि ‘तात्पर्य’ हा शब्द कुणी उच्चारला की वन्संचं डोकं फिरलंच म्हणून समजा. लातूरच्या एका क्लासवाल्यानं आम्हाला चहाला बोलावून ‘एक नमुना द्या, हजारांनी छापू’ म्हटलं. त्याला म्हणाल्या, “तुमच्या समद्या पोरांचे पाय एकाच मापाचे हायत का? मग आधी चपला तरी एका मापाच्या आणा.” आणि ताडकन उठल्या, मलाही उठवलं. माझा चहा अर्धा राहिला त्याचा राग मला अजून आहे. वह्यांना लागणारी मैद्याची खळ त्या माझ्याच चांगल्या पातेल्यात शिजवतात, त्याबद्दल तर मी बोलतच नाही.

पण मी त्यांना स्वतःहून घरी बोलावलं, कारण आमच्या पोरीवर, मुक्तावर, वेळच तशी आली होती. शाळेत तिला रोज उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे आणि ती अडखळली की अख्खा वर्ग हसायचा. पुढं पुढं सकाळी दप्तर दिसलं की तिला ओकारी यायला लागली. नऊ वर्षांची पोर. मी तिला घरी ठेवली. लातुरात पोरगी घरी ठेवणं म्हणजे काय असतं, ते लातूरकरांनाच विचारा. इथं पोर रांगायला लागलं की लोक क्लासची चौकशी करतात. शेजारीण, चुलत सासू, दूधवालासुद्धा आवाज खाली आणून विचारायचा, “पोरीला घरीच बसवली का?” जसा काही तिला रोगच झालाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आमचे हे बाजारात आडतीचं दुकान चालवतात. माणूस वाईट नाही, पण लोकांचं ऐकून ऐकून त्यांनी मुदत घातली. दिवाळीपर्यंत पोरगी आपण होऊन पुस्तक वाचताना दिसली तर ठीक, नाहीतर निवासी शाळेत. झोपेत माझा पदर सोडत नाही ती, आणि तिला निवासी शाळेत घालणार. मी रडले नाही, भांडले, आणि भांडून उपयोग होईना तेव्हा वन्संना फोन लावला. आमच्या यांना पुरून उरेल असं दुसरं माणूस माझ्या माहितीत नव्हतं.

वन्सं आल्या आणि दिवसभर मुक्ताच्या मागं हिंडल्या. मुक्ता त्यांच्यावर गुरकावली, दार आपटलं, पाटावरून उठून गेली. संध्याकाळी वन्सं खुशीत मला म्हणाल्या, “पोरगी तुझ्यावर न्हाई, माझ्यावर गेलीय. तिला लई राग येतो, अन् तो ठेवायला जागा न्हाई.” मग माझ्या इरकली साडीचे काठ कापून त्यांनी वही बांधली. साडी जुनी होती, पण मेली नव्हती. त्या वहीत फक्त तक्रारी लिहायच्या. पुस्तकात जे जे पटलं नाही ते ते मांडायचं, पण कुठल्या पानावर, ते दाखवून. मुक्तानं लिहिलं, ‘कोल्हा हुशार नाही, कावळा येडा आहे.’ ‘राजाला दोन राण्या आहेत आणि नाव एकीलाच दिलंय.’ ‘चित्रातल्या गाईला वरचे पुढचे दात काढलेत, गाईला ते नसतात.’ आमच्या यांनी वही चाळली आणि कपाळाला हात लावला. “आक्का, ही वाचायची वही हाय का पोलीस ठाणं?”

“वाचल्याबिगर फिर्याद देता येती का रे, बापू?” वन्संनी विचारलं.

“खोड काढण्यापुरतं वाचून राहिली ती. ह्याला वाचन म्हणत न्हाईत.”

बहीणभावाचं जे जुंपलं ते शेजारच्या गच्चीपर्यंत ऐकू गेलं. पण खरं सांगते, यांचं म्हणणं मलाही खोटं वाटेना. पोरगी दोन पानं वाचायची, एक तक्रार लिहायची आणि पुस्तक भिरकावून द्यायची. दसरा जवळ आला आणि हे त्या निवासी शाळेत जाऊन खाट राखून ठेवायला सांगून आले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं, वन्संशीही टाकलं.

खंडेनवमीला आमच्यात अवजारांची आणि पुस्तकांची पूजा असते. दुकानातला तराजू, माझी शिलाई मशीन, विळी आणि घरातली झाडून सगळी पुस्तकं मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आमच्या घरात हे फार कडक आणि सगळ्यांत कडक वन्सं. मुक्ताच्या हातातलं गोष्टीचं जाड पुस्तक त्यांनीच ओढून पूजेत नेऊन ठेवलं. दुपारी बघतो तर पुस्तक गायब, नुसता झेंडू पडलेला. घरात पाहुणे. ज्यानं पूजा मोडली त्याच्या नावानं वन्संनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी मुक्ता सापडली गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. पुस्तकाला कुंकू, बोटांना कुंकू, कपाळालाही लागलेलं.

“पूजेतलं पुस्तक उचललंस?” हे गरजले.

तिनं मान वर केली नाही. “त्या म्हातारीला विहिरीत ढकललंय, पप्पा. उद्यापर्यंत तिला तिथं कशी ठेवू?”

यांनी वन्संकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई पोरीला फाडून खाणार. मी मधे पडायच्या तयारीत होते. पण वन्संनी वाकून पुस्तकात डोकावलं. “उभी नोकरी पोरांवर ‘वाच, वाच’ म्हणून वरडण्यात गेली, बापू,” त्या हळूच म्हणाल्या. “‘बस कर’ म्हणायची पाळी आज पहिल्यांदा आली. अन् मला म्हणवंना.”

 हे कठड्याला टेकून बसले. “मग निघाली का म्हातारी वर?”

“थांबा ना, वाचून राहिले,” मुक्ता म्हणाली.

दिवाळी झाली, निवासी शाळेचं नाव निघालं नाही. मुक्तानं वहीत लिहिणं सोडलं, तिला तेवढा वेळच नाही. वन्संनी कोरी पानं पाहिली, ‘चला, सुटली’ म्हणाल्या, पिशवी उचलली आणि उदगीरला कुण्या पोराला पुस्तकं नकोशी झालीत म्हणून तिकडं गेल्या. त्यानंतर फिरकल्या नाहीत. मला खरा राग याचा आहे. काम झालं की हे माणूस निघून जातं. पोरगी कोपऱ्यात पुस्तकात, हे दुकानात, घर कसं शांत, आणि ती शांतता मला खायला उठते. परवा मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, “वन्सं, मुक्ता आजकाल पुस्तकाला हात लावत नाही.”

पलीकडं एसटीचा आवाज येत होता.

“खोटं बोलून राहिलीस,” वन्सं म्हणाल्या. मग म्हणाल्या, “येते उद्या.”