न शिवलेला कावळा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं.

शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि इलेक्ट्रिक सामानाच्या एका दुकानदाराची बायको तक्रार घेऊन आली. अपघातात गेलेल्या एका तरुणाची किडनी तिच्या नवऱ्याला बसवली होती. माणूस चांगला सावरत होता. पण महिनाभरापासून एक म्हातारा दुकानासमोर येऊन बसायचा, आणि तेव्हापासून नवरा खचत चालला होता. असंच चाललं तर किडनी जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "तो धमकी देत असणार साहेब, पण हे मला काहीच सांगत नाहीत," ती म्हणाली.

मला खंडणीचा वास आला. पोलिसाला तो चटकन येतो आणि दर वेळी खरा असतोच असं नाही. दुकानासमोरच्या चहावाल्याला सांगून ठेवलं. लवकरच त्याचा फोन आला, "साब, वो बाबा आके बैठे."

म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. लासूर स्टेशनकडचा शेतकरी होता. चहा दिला, तो तसाच राहिला. आवाज चढवला, तर नुसता माझ्याकडे बघत राहिला. लबाड माणूस नजर चुकवतो नाहीतर जास्त बोलतो; हा दोन्ही करेना. शेवटी मी विचारलं, "बाबा, पैसे पाहिजेत का त्याच्याकडून?"

"पैसं?" म्हातारा भडकला. "माझ्या लेकराचं हाय ते त्याच्या पोटात. इकलं नाय म्या, दिलंय!"

मग सगळं बाहेर पडलं. मुलाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवलाच नाही. बहिणीचं लग्न लावू, विहीर पुरी करू, आठवतील तेवढी वचनं देऊन झाली. कावळा झाडावरून हलेना. अखेर दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. पण मुलाच्या आईचं समाधान होईना. पोराचा एक तुकडा अजून जिवंत आहे, तर राहिलेली इच्छा त्यालाच ठाऊक असणार, असं तिनं धरलं. किडनी कुणाला दिली हे नियमानं सांगत नाहीत. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेले नातेवाईक एकमेकांची सगळी माहिती काढतात.

"म्या एकदाच इचारलं साहेब," म्हातारा म्हणाला, "तुम्हाला काय खावं वाटतंय का, कुठं जावं वाटतंय का. पोरगं अडकलंय म्हणलं. ते काय बोललेच नाय. म्हणून येऊन बसतो."

मी नवरा-बायकोला बोलावून घेतलं आणि दुकानदाराला म्हाताऱ्यासमोर बसवलं. दुकानदाराची मान वर होईना. डॉक्टरांनी बजावलेलं मला आठवलं आणि मी एकच विचारलं, "गोळ्या घेता ना?"

तो रडायलाच लागला. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या तो बायकोसमोर तोंडात टाकायचा आणि मोरीत जाऊन थुंकायचा. "ही किडनी चालतेय तोवर यांचा मुलगा सुटणार नाही, साहेब. माझं काय, होईल ते होईल."

म्हातारा ताडकन उठला. मला वाटलं, आता मारतोय. त्यानं दुकानदाराचं बखोट धरलं. "आरं, एकदा जाळलं म्या त्याला! आता दुसऱ्यांदा मारतो व्हय? नाय सुटला तर नाय सुटू दे. त्याला कुठं घाई हाय? राहू दे अडकून! घे गोळी!"

बायकोनं पर्समधून गोळी काढली. म्हाताऱ्यानं माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून त्याच्या हातात दिला आणि गिळेपर्यंत समोर उभा राहिला. 

गुन्हा नोंदवला नाही. कलम तरी कोणतं लावणार? उपचार वेळेत झाले, किडनी वाचली.

नोकरीभर मी माणसांच्या वाईट हेतूंमागे धावलो. इथं दोघांचेही हेतू चांगले होते, आणि तरी त्यापायी एक जण मरायला निघाला होता. चांगुलपणाचीही कधीकधी कसून चौकशी करावी लागते, हे मी त्या दिवशी शिकलो.

निवृत्तीनंतर मी अवयवदानाचा अर्ज भरला. घरच्यांना बजावून ठेवलंय: माझं काही कुणाला दिलंत, तर त्याला निरोप द्या, आमच्या म्हाताऱ्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या होत्या. थाप आहे ती. पण घेणाऱ्यानं गोळ्या तरी नीट घ्याव्यात.