मलिदेवाल्या बाई

येरमाळ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा आईला सोबत नेलं. आडनावाच्या शेवटी 'कर' असल्यानं घर चटकन मिळालं. खाली आम्ही मायलेकी, वर घरमालक काका-काकू. आईनं पहिल्याच दिवशी दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा बसवून घेतला. बोटभर पितळी डबी, आत देवाचं वचन. येता-जाता तिला हात लावायचा आणि बोटं ओठांना टेकवायची.

काकूंनी विचारलं, "तुमी कोण लोकं?"

"आम्ही ज्यू. बेने इस्राएल."

"म्हंजे ख्रिश्चनच की!"

आईनं कपाळावर हात मारला.

सगळं बिघडलं ते मलिद्यानं. आई मोठ्या दुखण्यातून उठली, म्हणून एलियाहू नबीच्या नावानं नवस फेडला. गोड पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. आमच्यात त्याला मलिदा म्हणतात. हौसेनं तिनं गल्लीभर वाटला. "काय हाय हे?" "मलिदा." आता इथं लोकांना मलिदा ठाऊक तो दर्ग्यातला. झालं! संध्याकाळपर्यंत आम्ही नाव लपवून राहणारे मुसलमान ठरलो. असतो मुसलमान, तर काय बिघडलं असतं? हे विचारायची माझी छाती झाली नाही. शाळेत पाठीमागं 'मलिदेवाल्या बाई' ऐकू यायला लागलं.

पुढं गल्लीतून मिरवणूक निघायची होती. दारोदार झेंडे लागले, आमचंच दार तेवढं राहिलं. काका खाली आले, माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बाई, तेवढा झेंडा लावा. मग कुणी काय इचारणार न्हाय." मेझुझ्याचं त्यांनी नावही काढलं नाही.

आई आत झोपली होती. मी झेंडा लावला, आणि शेजारची ती डबी मलाच खुपायला लागली. मिरवणूक इथं थांबली तर? कुणी बोट दाखवलं तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! मी स्क्रू काढले आणि डबी कपाटात साड्यांखाली दडवली.

दुसऱ्या दिवशी आई दारात आली. तिला धड दिसत नव्हतं. हात सवयीनं वर गेला, चौकटीवर चाचपडत राहिला, आणि स्क्रूच्या भोकावर बोट थांबलं.

"कुणी काढला?"

"वरच्यांनी," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. त्या दिवसापासून आई वरच्या दोघांशी बोलली नाही. थंडीत तिनं अंथरूण धरलं. काकू रोज गरम भात घेऊन यायच्या, उशाशी बसायच्या. "आजी, दोन घास खावा की वो." आई भिंतीकडं तोंड फिरवायची. मी तिथंच उभी असायची. लाज वाटायची, पण सांगवलं नाही.

आई गेली. काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या.

"आमचं काय चुकलं वो बाई? आजी शेवटपतूर बोलल्या न्हाईत."

मी त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाले, "दुखण्यात माणूस असंच करतं, काकू."