भरलेला तांब्या

मी रामलिंगाच्या देवळातला पुजारी; येडशीच्या एका गॅरेजपाशी बसची वाट पाहताना भेटलेल्या त्या गृहस्थांचे नाव मी विचारले नाही. त्यांच्या जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या-मागच्या शॉकअपमध्ये नव्या स्प्रिंगा व तेल घातले होते. मेकॅनिकला गाडी चालवायला लावून ते स्वतः मागे बसले आणि काठोकाठ भरलेला तांब्या हाती धरून खडीच्या रस्त्याने फिरून आले. धोतर भिजले होते.

"काय मामा, झाला का अभिषेक?" मेकॅनिक हसला.

"लई सांडलं. परत खोल."

"अहो, जुनी गाडी हाय ही, पालखी न्हाय!"

"माय बसणार हाय मागं. कंबर गेलीय तिची. एकदा रामलिंगाला ने म्हणती, अन् ते बी माझ्याच पाठीला धरून."

मेकॅनिकने आणखी दोनदा खोलून जोडले; शेवटच्या फेरीनंतर त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला. पाणी काठाशी स्थिर होते.

"बघा महाराज. आता निघाली माय!"

तेव्हापासून दर सोमवारी रामलिंगाच्या पूजेत मोटारसायकलचा आवाज कानी आला, की माझी दृष्टी पिंडीवरून दाराकडे वळते. ती माय अद्याप दिसलेली नाही. अभिषेकाच्या तांब्यात तिने स्वतःच्या हाताने पिंडीवर घालावे म्हणून मी थोडे पाणी राखून ठेवतो.